टायमरवर दाणे टाकणारा डबा: मळ्यातल्या गावरान कोंबड्यांसाठी हिवाळाभर वापरून

दिवाळीच्या तोंडावर मळ्यात टायमरचा दाणे टाकायचा डबा बसवला, आता गुढीपाडवा होऊन गेला. सगळा हिवाळा त्याच्यावर काढलाय, त्यामुळे हातचं काही न राखता लिहितो. मळ्यापासून लांब राहणाऱ्यानं हा डबा घ्यावा, पण संध्याकाळच्या दाण्यासाठी. सकाळचं खाद्य माणसानंच घालावं, या मतावर मी आता ठाम आहे.

आम्ही राहतो कोल्हापुरात राजारामपुरीत आणि मळा वडणग्याच्या पुढे, पंचगंगेच्या अंगाला. पन्नास-साठ गावरान कोंबड्या आहेत. शेजारच्या मळ्यातले तात्या इतकी वर्षं संध्याकाळी दाणे टाकून खुराडं लावायचे. पण ऊसतोड सुरू झाली की त्यांना स्वतःच्या फडातून मान वर काढायला सवड नसते, आणि रोज कुणाच्या उपकारावर राहायचं तरी किती? म्हणून हा डबा मागवला. किंमत सहा-सात हजारांच्या घरात. तीन पायांच्या स्टँडवर पत्र्याचं पिंप, खाली नरसाळं, त्याखाली मोटर आणि मोटरवर चकती. ठरल्या वेळेला चकती काही सेकंद गरगर फिरते आणि दाणे चौफेर उडतात. एवढंच यंत्र आहे.

खोक्यावर मात्र कोंबडीचं नाही, शिंगं फुटलेल्या हरणाचं चित्र आहे. ही वस्तू मुळात अमेरिकेतली. तिकडे थंडीत रानातल्या हरणांना मका टाकायला किंवा शिकारीसाठी त्यांना एका जागी आणायला ती वापरतात. हे चित्र बघून गगनबावड्याकडच्या एका पाहुण्यांनी विचारलं, "आमच्या रिसॉर्टच्या मागं लावू काय? सांबरं येतील, लोक फोटो काढतील." त्यांना जे सांगितलं तेच इथंही सांगतो: अजिबात लावू नका. सांबर, भेकर, चितळ हे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत आणि वन्यप्राण्याला आमिष दाखवणं त्या कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच येतं. दुसरं म्हणजे हरीण रवंथ करणारं जनावर. पाला-गवतावर चालणाऱ्या पोटात एकदम मका गेला की आम्ल वाढतं आणि भरल्या पोटानं जनावर मरतं. अमेरिकेतसुद्धा थंडीत दया म्हणून मका घालून हरणं दगावल्याचे प्रकार होतात. शिवाय एका जागी तोंडं घातली की रोग पसरतो. हरणांचा मेंदू पोखरणारा एक रोग कोलोरॅडोत १९६७ साली पहिल्यांदा दिसला. तो पसरू नये म्हणून तिकडच्या कित्येक राज्यांनी असं खाद्य टाकण्यावर बंदी किंवा बंधनं घातली आहेत. आणि आपल्याकडे राधानगरी-दाजीपूरच्या पट्ट्यात मका सांडला तर सांबराआधी गवाच दारात येईल.

आता कोंबड्यांचं. संध्याकाळी हा डबा सोन्यासारखा चालतो. डिसेंबरात कोल्हापुरात सहा वाजून गेले की सूर्य बुडतो आणि अंधार झपकन पडतो. त्यातच फड तुटायला लागले की उसात दडलेली रानमांजरं, कोल्ही, मुंगसं उघड्यावर येतात आणि वस्तीकडे वळतात. दरवर्षी याच दिवसांत आमची कोंबडी जायची, कारण दोन-चार तरी बांधावर किंवा शेवरीच्या झाडावर राहायच्या. मी डबा सव्वापाचला लावला. आठवडाभरात कोंबड्यांना त्या आवाजाची सवय झाली. आधी मोटर 'घर्रर्र' करते, मग पत्र्यावर मक्याचा ताडताड आवाज, आणि शेवटल्या सरीतून, कडब्याच्या गंजीमागून, जिथून-तिथून कोंबड्या पंख पसरून पळत सुटतात. तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या पुढे, जुन्या खुडूक कोंबड्या मागे. दाणे खुराड्याच्या दारातच पडत असल्यामुळे टिपता टिपता त्या आत जातात. गळ्याखालची पिशवी मक्यानं टच्च भरलेली कोंबडी रात्रभर निवांत बसते, थंडीत तिला त्याचा आधार होतो. दार लावायला माणूस अजूनही लागतो, पण तात्या फडातून परतताना ते काम करतात. हाकलत, हाका मारत फिरायचं काम तेवढं संपलं. या हिवाळ्यात बाहेर राहिलेली म्हणून आमची एकही कोंबडी गेली नाही.

सकाळचं मात्र मला पटलं नाही. थोडे दिवस सकाळीही टायमर लावून पाहिला. दाणे वेळेवर पडतात, पण कोण सुस्त आहे, कुणाची विष्ठा पातळ आहे, कोण पंख पाडून कोपऱ्यात उभी आहे, हे सकाळी खाद्य घालतानाच दिसतं. पाण्याचं भांडंही तेव्हाच धुतलं जातं. त्यात नुसत्या मक्यावर कोंबडी अंडी देत नाही. मक्यात प्रथिनं नऊ टक्क्यांच्या आसपास आणि अंड्यावरच्या कोंबडीला लागतात सोळा ते अठरा. म्हणून सकाळी लेयरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य आणि शिंपल्यांचा चुरा आम्ही हातानंच घालतो. पिठासारखं खाद्य या डब्यात चालतही नाही, नरसाळ्याच्या तोंडाशी गच्च बसतं. मक्याचा भरडासुद्धा चाळणीनं पीठ काढूनच भरावा लागतो.

मापाचं एक सांगतो, कारण माहितीपत्रकात ते धड दिलेलं नाही. टायमरला ग्रॅम कळत नाहीत, सेकंद कळतात. अख्खा मका, भरडा, बाजरी, प्रत्येकाचा पडण्याचा वेग वेगळा. चकतीभोवती पोतं गुंडाळायचं, पाच सेकंद मोटर चालवायची आणि पडलेलं सगळं काट्यावर घालायचं. धान्य बदललं की पुन्हा मोजायचं. कोंबडीला दिवसाला एकूण शंभर ग्रॅमच्या आसपास खाद्य लागतं. त्यातला तिसरा हिस्सा संध्याकाळच्या दाण्याचा धरून मी सेकंद बसवले. जमिनीवर दाणे उरले की उंदीर-घुशी येणारच, म्हणून दहा-पंधरा मिनिटांत सफाचट होईल एवढंच टाकायचं.

सगळ्यात जास्त जपावं लागतं ते मक्याच्या ओलीला. खरिपाचा नवा मका ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाजारात येतो आणि तो ओलसर असतो. लक्ष्मीपुरीत पोतं घेताना चार दाणे दाताखाली धरायचे. कट्‌ करून फुटला तर वाळलेला, दबला तर परत उन्हात. ओल बारा-तेरा टक्क्यांच्या वर असेल तर पिंपात भरू नये. नदीकाठी पहाटे धुकं असतं आणि पिंप पत्र्याचं. सकाळी झाकण उघडलं तर आतून घामेजलेलं दिसायचं, थेंब ओघळून कडेच्या दाण्यांवर. तिथंच हिरवट-पिवळी बुरशी धरते. या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, कोंबडीचं काळीज, म्हणजे यकृत, खराब करतं आणि धुऊन किंवा भाजून पुरतं जात नाही. बुरशीचा मका "म्हशीला घाला, तिला काही होत नाही" असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. पण म्हशीनं खाल्लं तर त्या विषाचा अंश दुधात उतरतो, आणि ते दूध आपल्याच पोरांच्या पेल्यात येतं. असा मका सरळ पुरून टाकावा. आमच्याकडे आता पिंपात आठवड्यापुरताच मका असतो, झाकणाला आतून गोणपाट लावलंय, आणि रविवारी पिंप रिकामं करून उन्हात पालथं घालतो.

यंत्राबद्दल तक्रार दोन ठिकाणी आहे. सोबत आलेली सहा व्होल्टची बॅटरी संक्रांतीच्या आधीच बसली. विक्रेत्याला फोन केला, मेल केले, फोटो पाठवले, उत्तर नाही. वॉरंटीच्या नावानं शंख! शेवटी दुकानदारांच्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यात असते तीच सहा व्होल्टची बॅटरी आणून बसवली, बिनतक्रार चालते. मळ्यातली लाईट कधी दिवसा, कधी रात्री, त्यामुळे वरचं छोटं सोलर पॅनेल घेणं मला गरजेचं वाटतं. ते दक्षिणेकडे कलतं बसवा आणि धुक्याच्या दिवसांत सकाळी फडक्यानं पुसा. दुसरी तक्रार चकतीची. ती अमेरिकेतल्या मोकळ्या रानासाठी केलेली, त्यामुळे दाणे पार बांधापलीकडे जायचे आणि साळुंक्या-पारव्यांची चंगळ व्हायची. उद्यमनगरात एका वर्कशॉपवाल्या मामांना दाखवलं. त्यांनी तिथल्या तिथं पत्र्याचं कडं वाकवून चकतीभोवती आडोसा करून दिला, पायाला वजनही जोडलं. आता दाणे हवे तिथंच पडतात.

शेळ्या असतील तर भोवती जाळी हवीच. जानेवारीत चकती अडकून मोटर बंद झाली होती. तात्यांची शेळी नरसाळ्याला टकरा देत राहिली आणि अडकलेला मका भसाभसा खाली आला. तिनं पोट भरून खाल्ला, रात्री पोट फुगून आडवी झाली. जनावरांचे डॉक्टर वेळेत आले म्हणून वाचली. वर हरणाचं लिहिलं तो प्रकार हाच. शेळीही रवंथ करणारीच. दुसऱ्याच दिवशी कमरेएवढी जाळी ठोकली, कोंबड्यांना खालून वाट ठेवली.

"अंडी वाढली काय?" हे सगळे विचारतात. या डब्यानं वाढत नाहीत. थंडीत अंडी घटतात ती मुख्यतः उजेड कमी पडल्यामुळे. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा आणि कोंबडीला भरात अंड्यावर राहायला चौदा तासांच्या पुढे उजेड हवा. त्यासाठी खुराड्यात पहाटे लागणारा एलईडी दिवा वेगळा लावला. तो एकदम तीन तास न वाढवता दर आठवड्याला थोडा थोडा अलीकडे आणला. अंडी सावरली ती दिव्यामुळे, याचं श्रेय डब्याला देऊ नये.

घरापाशीच कोंबड्या असतील तर पैसे घालू नका, मूठभर दाणे फेकायला यंत्र कशाला? मळा लांब असेल, रोज संध्याकाळी पोचणं होत नसेल, तर जरूर घ्या. फक्त सहा व्होल्टची बॅटरी गावात मिळते का ते आधी बघा, आणि जाळी व पत्र्याच्या कड्याचे पैसे किमतीत धरा. मृगाच्या आत मी डबा उतरवून, मोटर पुसून, माळ्यावर ठेवणार आहे. आपल्याकडच्या पावसात मका कोरडा ठेवणं या पिंपाच्या आवाक्यातलं नाही.