जुन्या फॉर्च्युनरला ओल्ड मॅन एमू सस्पेन्शन: दोन पावसाळ्यांनंतर

आमची टोयोटा फॉर्च्युनर 2011 सालची, तीन लिटर डिझेल इंजिनाची आणि चारही चाकांना सतत ताकद पुरवणारी आहे. गोव्यातल्या फोंड्याहून साखळी, केरी करत चोर्ला घाटाने बेळगावला महिन्यातून दोनदा तरी जाणे होते. दीड लाख किलोमीटर ओलांडल्यानंतर घाटाच्या वळणांवर ती अंग टाकू लागली, ब्रेक दाबताच नाक खाली घालू लागली आणि गतिरोधक ओलांडल्यावर दोन-तीन हेलकावे घेतल्याशिवाय स्थिर होईनाशी झाली. मागच्या उजव्या शॉक ॲब्सॉर्बरवर तेल पाझरून त्यावर मातीचा थर बसलेला स्पष्ट दिसत होता.

पहिल्या वेळी मी एका गॅरेजमध्ये कंपनीचेच शॉक ॲब्सॉर्बर आणि पुढच्या लोअर आर्मचे (चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबरी तुकडे, बदलून घेतले. वर्षभरातच बुशांचे रबर फाटले. सुटे भाग अस्सल होते. चूक बसवण्यात होती आणि ती मला फार उशिरा कळली. बुशाचे रबर आतल्या व बाहेरच्या नळीला घट्ट चिकटलेले असते आणि आर्म वरखाली होताना ते केवळ पिळले जाते. बोल्ट आवळताना आर्म ज्या स्थितीत असेल, ती त्या रबराची विसाव्याची स्थिती ठरते. गाडी लिफ्टवर, चाके अधांतरी लोंबकळत असताना बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर येताच रबर पिळलेल्या अवस्थेत राहते आणि मग प्रत्येक खड्ड्याला त्या पिळात भर पडते. माझ्या गाडीचे नेमके हेच झाले होते.

म्हणून ओल्ड मॅन एमू या ऑस्ट्रेलियन ब्रँडचा, गाडीची उंची थोडी वाढवणारा शॉक ॲब्सॉर्बर आणि स्प्रिंगचा संच घ्यायचे ठरवले, तेव्हा संचापेक्षा तो बसवणारा माणूस शोधण्यात मी अधिक दिवस घालवले. या संचातले नायट्रोचार्जर स्पोर्ट शॉक ॲब्सॉर्बर दुहेरी नळीचे आणि नायट्रोजन वायू भरलेले असतात. स्प्रिंग मात्र गाडीवर नेहमी किती भार असतो त्यानुसार निवडावी लागते. दुसऱ्या गॅरेजातील मिस्त्रींनी काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून काचेवर खडूने लिहून ठेवले, तिथेच माझा विश्वास बसला.

कामाला दोन दिवस लागले, त्यातला एक संपूर्ण दिवस कॅम बोल्टांनी घेतला. लोअर आर्मचे हे चार बोल्ट फिरवूनच पुढच्या चाकांचे कोन जुळवले जातात, परंतु आपल्याकडची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि तांबडी माती यांमुळे ते बुशाच्या आतल्या नळीत गंजून एकजीव होतात. रात्रभर गंज सोडवणारे तेल मुरवल्यावर दोन सुटले. उरलेले दोन ग्राइंडरने कापावे लागले. कापलेल्या तुकड्यावर बोल्ट कुठे संपतो आणि नळी कुठे सुरू होते, हे डोळ्यांना ओळखू येत नव्हते. गाडी उंचावली की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा पुढे-मागे कल) हे दोन्ही कोन बदलतात, त्यामुळे हे बोल्ट मोकळे केल्याशिवाय अलाइनमेंट, म्हणजे कोनांची जुळवणी, होणेच शक्य नव्हते. नव्या बोल्टांना गंजरोधक ग्रीस लावले आणि गाडीचा पूर्ण भार चाकांवर असतानाच, खाली झोपून, टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, ते आवळले. पुढची उंची 38 आणि मागची 45 मिलिमीटरने वाढलेली भरली. हेडलाइटची पातळी त्याच संध्याकाळी खाली आणून घेतली. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर प्रकाश जाऊ नये, यासाठी ते आवश्यकच असते.

घाटातला फरक पहिल्याच फेरीत जाणवला. वळणात गाडी एकदाच किंचित झुकते आणि तशीच स्थिर राहते. ब्रेक लावताना पुढे बसलेल्यांना सीटबेल्टचा आधार घ्यावा लागत नाही. डिचोलीकडच्या खनिजवाहू ट्रकांनी उखडलेल्या रस्त्यावर चाके खड्ड्यात उतरतात, पण त्याचा आघात अंगापर्यंत पोचत नाही.

मागच्या स्प्रिंगची निवड मात्र माझी चुकली. चवथीला सात माणसे आणि सामानसुमान घेऊन गावी जाताना गाडी अतिशय समाधानाने चालते, म्हणून मी अधिक भाराच्या स्प्रिंग घेतल्या. पण वर्षातले बहुतेक दिवस तिच्यात आम्ही दोघेच असतो आणि तेव्हा मागची बाजू टणक लागते, विशेषतः पणजीतल्या खोदलेल्या रस्त्यांवर. पुन्हा घ्यायच्या झाल्या तर हलक्या भाराच्याच घेईन. आईला पायरी चढणे अवघड झाले आहे, तिच्यासाठी आता लाकडी पाट बरोबर ठेवतो. घरात वयस्कर माणसे असतील त्यांनी या चार सेंटिमीटरांचा आधी विचार करावा, आणि उंची वाढवायचीच नसेल तर कंपनीच्या मापाचेच भाग नव्या बुशांसह नीट बसवून घ्यावेत.

पावसाळा संपला की गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुऊन घेतो, पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे (चाकांना ताकद पोचवणाऱ्या दांड्यांचे) रबरी बूट, म्हणजे सांध्यांवरची आवरणे, चिरलेले नाहीत ना ते पाहतो, कारण वाढलेल्या उंचीमुळे त्यांचा कोन तिरपा झाला आहे. वर्षातून एकदा कॅम बोल्ट सैल करून, ग्रीस लावून पुन्हा अलाइनमेंट करून घेतो. गेल्या महिन्यात तेच काम काढले होते. दोन पावसाळे खाऊनही चारही बोल्ट पाना लावताच फिरले.