शियोल्ड्रेड म्हणजे नेमकी कुठली? लेजेंडरी कार्डांच्या ट्रेडमध्ये असं लुबाडतात

मॅजिक द गॅदरिंग या कार्डांच्या खेळात ट्रेडमध्ये, म्हणजे कार्डांच्या अदलाबदलीत, फसवायला बनावट कार्डच लागतं असं नाही. कार्ड अस्सल, त्याची ताकद सांगितली तीही खरी, फक्त भाव दुसऱ्याच कार्डाचा लावलेला. लेजेंडरी क्रीचरच्या, म्हणजे खास नाव असलेल्या पात्राच्या कार्डाच्या, बाबतीत हे फार सोपं जातं, कारण एकाच पात्राची अनेक कार्डं निघतात आणि नवखा खेळाडू नाव अर्धंच लक्षात ठेवतो.

शियोल्ड्रेड या पात्राची तीन वेगवेगळी कार्डं आहेत. २०११ च्या न्यू फायरेक्शिया या सेटमधली (सेट म्हणजे एकत्र निघालेल्या कार्डांचा संच) 'शियोल्ड्रेड, व्हिस्परिंग वन' सात मानाची (माना म्हणजे कार्ड खेळण्यासाठी मोजायची जादुई शक्ती), ६/६, म्हणजे हल्ल्याची ताकद सहा आणि मार सोसण्याची क्षमता सहा. २०२२ च्या डॉमिनेरिया युनायटेडमधली 'शियोल्ड्रेड, द अपोकॅलिप्स' चार मानाची, ४/५, डेथटचवाली, म्हणजे जिचा थोडासा मारही समोरच्या क्रीचरला संपवतो. तुम्ही कार्ड ओढलं की तुमचं लाइफ दोनने वाढतं, समोरच्याने ओढलं की त्याचं दोनने घटतं. तिसरी २०२३ च्या मार्च ऑफ द मशीनमधली नुसती 'शियोल्ड्रेड', पाच मानाची, उलटून सागा, म्हणजे टप्प्याटप्प्याने परिणाम करणारं कार्ड, होणारी. यातली महागडी म्हणून गाजली ती अपोकॅलिप्स. चार मानाला टेबलावर येते आणि ६० कार्डांच्या डेकमध्ये (खेळायच्या गड्डीत) एकीहून जास्त प्रती लागतात, म्हणून मागणी.

आता ट्रेड कसा होतो बघा. समोरचा बाइंडर (कार्डं ठेवायची वही) उघडून सात मानाच्या शियोल्ड्रेडवर बोट ठेवतो. "ही बघ, दर टर्नला माझ्या ग्रेव्हयार्डमधून एक क्रीचर परत आणते, वर तुला एक क्रीचर सॅक्रिफाइस करायला लावते." (ग्रेव्हयार्ड म्हणजे मेलेल्या-वापरलेल्या कार्डांचा गठ्ठा, सॅक्रिफाइस म्हणजे स्वतःचं कार्ड तिथे टाकणं.) शब्द न् शब्द खरा. मग स्वतःचा फोन पुढे करतो आणि भाव दाखवतो अपोकॅलिप्सचा. स्क्रीनवर 'शियोल्ड्रेड' दिसतं, पुढचं कोण वाचतो? चांगली दोन-तीन कार्डं देऊन माणूस खूश होऊन उठतो.

भाव नेहमी आपल्या फोनवर, पूर्ण नाव टाकून बघायचा. २०१४ नंतरच्या कार्डांवर खाली डावीकडे सेटचा कोड आणि नंबर छापलेला असतो; तो जुळला पाहिजे, कारण एकाच कार्डाच्या साध्या, फॉइल (चमकत्या) आणि शोकेस (वेगळ्या सजावटीच्या) छपाईचे भाव एकमेकांच्या जवळपासही नसतात. शिवाय मागितलेला भाव म्हणजे भाव नव्हे. प्रत्यक्षात किती रकमेला विकली गेली, तेच बघा.

ताकदीच्या गप्पांमध्ये एक गोष्ट हमखास गाळली जाते. कमांडर या खेळप्रकारात तुमचा म्होरक्या लेजेंड मरून कमांड झोनमध्ये, म्हणजे त्याच्या राखीव जागेत, गेला की पुढच्या प्रत्येक वेळी दोन माना जास्त मोजावे लागतात. सातचे नऊ, मग अकरा. आणि १०० कार्डांच्या त्या डेकमध्ये बेसिक लँड, म्हणजे माना देणारी साधी कार्डं, सोडल्या तर प्रत्येक कार्ड एकेकच चालतं, त्यामुळे एका खेळाडूला एका डेकसाठी एकच प्रत पुरते. 'भयंकर तगडं' आणि 'महाग' यांचा संबंध इथेच सुटतो.

उलट फार तगडं असणं हाच धोका ठरतो. नाडू, विंग्ड विस्डम हे लेजेंडचं कार्ड २०२४ मध्ये आलं; त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॉडर्न या खेळप्रकारात आणि सप्टेंबरमध्ये कमांडरमध्ये त्यावर बंदी आली. बंदीच्या किंवा पुनर्मुद्रणाच्या घोषणेनंतरच्या काही तासांत, बातमी न कळलेल्यांच्या गळ्यात कार्ड मारणारे असतातच. समोरचा विनाकारण घाई करू लागला तर आधी ताजी बंदी-यादी उघडा.

बनावट कार्डांचा सुळसुळाट जास्त करून महाग आणि जुन्या लेजेंडमध्ये. १९९८ च्या स्ट्राँगहोल्डमधली स्लिव्हर क्वीन रिझर्व्ड लिस्टवर आहे, म्हणजे पुन्हा छापायची नाही. तिला भिंगाआधी नुसत्या डोळ्यांनी तपासा. सेटचं चिन्ह काळंच हवं. दुर्मिळतेनुसार चिन्हाला रंग आणि कार्डाला नंबर एक्सोडसपासून आले, म्हणजे स्ट्राँगहोल्डच्या पुढच्या सेटपासून. टाइपच्या ओळीत 'समन लेजेंड' हवं. फॉइल क्वीन कुणी दाखवली तर बोलणं तिथेच थांबवा, कारण फॉइल कार्डं पाकिटांत येऊ लागली १९९९ मध्ये.

मग ३० पट किंवा त्याहून जास्त मोठं दाखवणारं भिंग. मागच्या बाजूच्या हिरव्या गोळ्यात चार लाल ठिपके इंग्रजी एलच्या आकारात दिसायला हवेत. पुढच्या बाजूला चित्र ठिपक्यांच्या फुलांनी बनलेलं असतं, पण काळी अक्षरं सलग आणि कडेला धारदार असतात. अक्षरांतच रंगीत ठिपके दिसले तर कार्ड खोटं. २०१४ नंतरच्या बहुतेक रेअर आणि मिथिक, म्हणजे दुर्मिळ आणि अतिदुर्मिळ, कार्डांवर खाली मध्यभागी चमकती अंडाकृती मोहर असते. बनावटीत ती करड्या शाईची किंवा चिकटवलेली निघते.

एवढ्यावर मात्र निर्धास्त होऊ नका. स्वस्त अस्सल कार्डाची पाठ सोलून त्यावर खोटा दर्शनी भाग चिकटवतात, आणि मग हिरव्या गोळ्याची परीक्षा बिनबोभाट पार पडते. अशा कार्डाची कड बाजूने बघितली की थरांच्या मधली रेघ दिसते आणि जाडी जास्त भरते. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या, अस्सल कार्ड साधारण पावणेदोन ग्रॅमचं. त्याच सेटमधलं एखादं फुटकळ कार्ड शेजारी ठेवून तुलना केलेली सगळ्यात बरी. वाकवून किंवा फाडून बघायच्या परीक्षा दुसऱ्याच्या कार्डावर करायच्या नसतात, आणि त्यातून कार्डाचं नुकसान होतं ते वेगळं.

दोन-दोन स्लीव्हमध्ये (प्लॅस्टिकच्या पिशव्यांत) घातलेलं कार्ड बाहेर काढू न देणारा माणूस बहुधा कडा लपवत असतो. झिजून पांढरी पडलेली काळी कड मार्करने रंगवलेली असते. उजेडात तिरपं धरलं की तिथली चमक वेगळी दिसते.

पोस्टाने व्यवहार असेल तर पाकीट फोडतानाचा व्हिडिओ सलग घ्या आणि परताव्याची सोय नसलेल्या मार्गाने पैसे पाठवू नका. कार्ड खोटं निघालंच, तर तक्रार निकाली निघेपर्यंत त्यावर काहीही लिहू नका, कापू नका. मिळालेल्या अवस्थेतच परत मागितलं जातं. पैसे मिळाले आणि कार्ड तुमच्याकडेच राहिलं, तर मग पाठीवर ठळक 'बनावट' लिहा, नाहीतर ते उद्या तिसऱ्याच कुणाच्या बाइंडरमध्ये अस्सल म्हणून जाईल.