विद्यापीठाचे साहेब म्हणून आले आणि २३,६७९ रुपयांची टोपी घालून गेले

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातलं गाव, नाव सांगणार नाही, आधीच भरपूर शोभा झालीय. ऑगस्टात पांढऱ्या बोलेरोतून तिघं आले, गळ्यात आयकार्ड, बॅनरवर धारवाडच्या कृषी विद्यापीठाचं नाव. तुमचं गाव दत्तक घेतलंय, हुमणीचं, म्हणजे उसाच्या मुळ्या खाणाऱ्या अळीचं, प्रात्यक्षिक करायचंय, सबसिडी आहे, मोजकेच शेतकरी घेणार, आजच नाव द्या. पुढचं तुम्हाला माहितीच असेल, सगळ्या टोळ्यांचं गाणं तेच. खरं हे गाणं मराठीत होतं ओ, तिथंच मी गेलो.

आमच्याकडं सरकारी कागद म्हटला की कन्नड. पहाणी (आमच्याकडचा सातबारा) कन्नड, नोटीस कन्नड, शेती खात्याच्या रयत संपर्क केंद्रातली पाटी कन्नड. मला बोलायला येतं, वाचायला जोडाक्षर आलं की पोराला हाक मारतो. आणि इथं साहेब पडवीत बसून विचारतोय, "काका, खोडवा कितवा हा?" (तोडणीनंतर परत फुटलेला ऊस म्हणजे खोडवा.) वर माझे दोन एकरांतले पट्टेच्या पट्टे पिवळे पडलेले, ऊस धरून ओढला की अलगद हातात, खाली मुळ्याच नाहीत. त्या दिवशी कुणी राख दिली असती तरी घेतली असती. स्वतःला वाचवायला सांगत नाही हे. बरं, सांगतोय म्हणा.

आता ती वेळ सांगतो, जी रोज रात्री आठवते. त्यांच्यातल्या एकानं बांधावरची, चिंचेखालची, एकाच जागची मूठभर माती घेतली, ती पण पावसानं चिखल झालेली. एका पेटीत घातली आणि दहा मिनिटांत टॅबवर रिपोर्ट! मी स्वतः मागं माती तपासायला दिलेली आहे. बांध सोडून, झाड सोडून, शेतात नागमोडी फिरत आठ-दहा जागची वीतभर खोल खड्ड्यातली घ्यायची, सावलीत वाळवायची, चार-चार भाग करत अर्धा किलो ठेवायची, मग कार्डाची वाट बघत बसायचं. हे सगळं माहीत असून मी मान डोलावत उभा. आमची मंडळी दारातून म्हणाली, "अवो, चिखलाचा रिपोर्ट असा लगेच कसा ओ आला?" आणि मी काय म्हणालो, "तू चहा टाक." हे वाक्य मला आता मरेपर्यंत ऐकायचंय.

हुमणीच्या औषधाचं किट एकरी ८,७५०, म्हणजे दोन एकरांचे १७,५००. नोंदणी १,१८०, हजारावर १८ टक्के जीएसटी, हिशोब बरोबर जुळला म्हणून उलट विश्वास वाढला. ७५ टक्के म्हणजे १३,१२५ खात्यावर परत येणार होते. क्यूआर स्कॅन केला तर कुठल्यातरी बाईचं नाव आलं, तर म्हणे अकाउंटंट मॅडम. विद्यापीठाचे पैसे मॅडमच्या खात्यावर कशाला जातील? आत्ता सुचतंय. मग बॅनर धरून, पोतं हातात देऊन माझा फोटो काढला, आधारची आणि एफआयडीची (शेतकऱ्याचा सरकारी नोंदणी नंबर) झेरॉक्स घेतली, मशीनवर अंगठा पण. (पोरानं नंतर आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, तुम्ही आजच करून ठेवा.) पंधरा दिवसांनी फोन आला, फाईल अडकलीय, ४,९९९ भरा. भरले. होय, तेही भरले. त्यानंतर फोन बंद.

किटमधले दाणे पाण्यात टाकले, खाली माती बसली आणि वर रंग. खऱ्या कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो, नोंदणी नंबर, बॅच, तारीख असते, ह्याच्यावर नुसता हसरा शेतकरी. आणि हुमणीचे भुंगे वळवाच्या पावसानंतर अंधार पडताना कडुलिंबावर, बाभळीवर येतात तेव्हा मारायचे असतात, ऑगस्टात अळी मुळाशी जाऊन बसल्यावर कसलं प्रात्यक्षिक?

सप्टेंबरात शेजारचा पोरगा धारवाडच्या कृषी मेळ्याला गेला, त्यानं बॅनरचा फोटो तिथं दाखवला. अशी गाडी आमची नाही म्हणाले विद्यापीठवाले, आणि प्रात्यक्षिकाला आम्हीच बी-औषध देतो, शेतकऱ्याकडून पैसे घेत नाही. एवढं कळायला मला ४१ दिवस लागले. किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर फुकट विचारता येतं, नाहीतर मत्तीकोप्प किंवा तुक्कानट्टीच्या कृषी विज्ञान केंद्राला, तुमची माणसं आलीत काय एवढंच विचारायचं.

ऑफिसांचं तर ऐकाच. ठाण्यात गेलो, पैसे मोबाईलवरून गेले म्हणून सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, माणूस घरी येऊन विकून गेला ना, मग ठाण्यातच द्या. परत ठाणं, साहेब बंदोबस्ताला. परत गेलो तर तक्रार कन्नडात लिहून आणा. कोर्टासमोर बसणाऱ्याला २०० देऊन लिहून घेतली, त्यात माझ्याच नावात चूक आहे, तेवढी मला वाचता आली. पोच नाही, एफआयआर तर नाहीच. शेती खात्यात गेलो तर पक्कं बिल आहे काय, बिलाशिवाय सॅम्पल घेता येत नाही. अरे बाबा, चोर बिल देतो काय? वर तोच साहेब मला विचारतो, तुम्ही शिकलेले असून कसे ओ फसता! दोन अर्ज, सहा हेलपाटे, पेट्रोल वेगळं, आणि एकानं पण त्या क्यूआरवरचं नाव लिहून घेतलं नाही. बँकेतल्या एक मॅडम तेवढ्या धड बोलल्या, त्याच दिवशी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन लावला असता तर पैसे वाटेत अडले असते म्हणाल्या. लाज मागनं वाटून घ्या, आधी १९३० लावा.

खरं तर गप्पच बसणार होतो. गेल्या आठवड्यात चंदगडकडच्या एकाचा फोन आला, पाव्हण्यांकडनं नंबर काढून. "काका, सबसिडी आली काय ओ तुमची? तुमचा फोटो दाखवतेत ते सगळ्यांना." तर बॅनर धरून, हातात पोतं घेऊन हसणारा, डोक्यावर पांढरी टोपी असलेला म्हातारा कुणी दाखवला तर तो मी. मला एक रुपया मिळालेला नाही.