सोनामुखीचे चूर्ण: गुण येतो, पण डब्यावरचा मजकूर पटत नाही

प्रवासाने कोठा बिघडला म्हणून औषधाच्या दुकानातून सोनामुखी, बाळहिरडा, सुंठ आणि सैंधव यांचे १०० ग्रॅम चूर्ण आणले आणि पंधरा दिवसांत ते चार वेळा घेऊन पाहिले. चूर्ण वस्त्रगाळ आहे, तरी कोमट पाण्यात कितीही ढवळले तरी पेल्याच्या तळाशी हिरवट गाळ राहतोच, आणि सुंठीने सोनामुखीचा उग्र वास काही झाकला जात नाही. रात्री दहाला घेतल्यावर पहाटे पाचच्या सुमारास पोटात पीळ पडला आणि अर्ध्या तासात कोठा साफ झाला. गुणाबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती डब्यावरच्या ‘आतड्यांना न डिवचता’ या शब्दांबद्दल. सोनामुखीतील सेनोसाइड्स ही रेचक द्रव्ये मोठ्या आतड्यापर्यंत जवळजवळ जशीच्या तशी पोहोचतात आणि तिथले जिवाणू त्यांचे रेइन अँथ्रोनमध्ये रूपांतर करतात. गुण यायला रात्र जाते ती त्यामुळेच. हे द्रव्य आतड्याला चेतवते, तेव्हा प्रोस्टाग्लँडिन या शरीरातच बनणाऱ्या द्रव्यांबरोबर नायट्रिक ऑक्साइड हा वायूही आपले काम करतो आणि आतड्यात पाणी शोषले जाण्याऐवजी साठू लागते. हृदयविकाराचे रुग्ण जिभेखाली ठेवतात त्या गोळीचा गुणही याच वायूमुळे येतो. १९९०च्या दशकातील प्रयोगांत हा वायू बनवणारे विकर रोखल्यावर उंदरांमध्ये सोनामुखीचा रेचक परिणाम घटला, आणि एरंडेलाच्या बाबतीतही तसेच आढळले. उंदरांवरचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही हे मान्य केले, तरी पाणी धरून फुगणाऱ्या इसबगोलाच्या पंक्तीत सोनामुखीला बसवता येणार नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. युरोपीय औषध संस्थेच्या मार्गदर्शनात सेनोसाइड्सच्या वर्गातील घटकांची मर्यादा दिवसाला ३० मिलिग्रॅम आहे आणि दीर्घकाळ सलग वापर टाळायला सांगितले आहे. या डब्यावर मात्र सेनोसाइडचे प्रमाण कुठेच नाही, उलट ‘रोज रात्री एक चमचा’ एवढेच छापले आहे. चमचा चहाचा की जेवणाचा, सपाट की शीग लावून, हे ज्याचे त्याने ठरवायचे. मी तिसऱ्या खेपेला शीग लावली आणि सकाळी दहापर्यंत तीनदा जावे लागले. कार्यालयात पोटदुखीचा निरोप धाडला, जो अगदीच खोटा नव्हता.

अर्धा डबा फडताळात आहे. पुन्हा गरज पडली तर मी प्रमाण छापलेली सोनामुखीची गोळी घेईन.