नाइट गार्ड धुण्याच्या फसफसणाऱ्या गोळ्या: गुहागरच्या पावसाळ्यातला चार महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, खरेदीची यादी करताना मीठ, डाळी, मिरची, काड्यापेट्या यांच्याखाली मी एक नवी वस्तू लिहिली, ती म्हणजे नाइट गार्ड, अर्थात रात्री झोपताना दातांवर बसवायचे प्लास्टिकचे आवरण, स्वच्छ करण्याच्या गोळ्या. कवळी धुण्यासाठी ज्या फसफसणाऱ्या गोळ्या मिळतात त्याच या. दुकानदारही त्यांना कवळीच्या गोळ्या म्हणूनच ओळखतो. जून ते सप्टेंबर असे चार महिने मी त्या गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी वापरल्या. आधी डबीतल्या आणि नंतर सुट्या वेष्टनातल्या, अशा दोन प्रकारच्या गोळ्या वापरून झाल्यावर माझे मत पक्के झाले आहे, आणि समुद्रकाठच्या दमट हवेत राहणाऱ्यांना ते उपयोगी पडेल असे वाटते.

मला झोपेत दात खाण्याची सवय आहे. आमच्या सासूबाईंनी पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा “अगं, जंताचं औषध घे” असेच सुचवले, कारण आपल्याकडे दात खाणे म्हणजे पोटात जंत, हे समीकरण घरोघरी आहे. प्रत्यक्षात मोठ्या माणसांत ताण, झोपेच्या तक्रारी, काही औषधे, चहा-कॉफीचा अतिरेक अशी निरनिराळी कारणे असतात, आणि नाइट गार्ड त्यांपैकी एकही कारण दूर करत नाही; तो फक्त वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये राहून स्वतः झिजतो आणि दातांची झीज वाचवतो. माझा गार्ड वरच्या दातांवर बसणारा, आतून मऊ आणि बाहेरून कडक अशा दोन थरांचा आहे. तो चिपळूणला माप देऊन करून घेतला. त्याच्याआधीचा गार्ड मी माझ्याच हाताने खराब केला. लहान मुलांच्या बाटल्या उकळून घ्यायच्या असतात, त्याच समजुतीने मी त्यावर बंबातले कढत पाणी ओतले. दिसायला तो जसाच्या तसा होता, पण रात्री घातला तेव्हा उजव्या दाढेवर नीट टेकेना आणि बोटाने दाबला की डुगडुगे. उष्णतेने आकार बदललेला गार्ड पुन्हा पहिल्यासारखा करता येत नाही, त्यामुळे माप देण्यापासून सगळे पुन्हा करावे लागले. तेव्हापासून गार्डसाठीचे पाणी मी मनगटावर टाकून पाहते आणि ते जेमतेम कोमट असेल तरच वापरते.

आता गोळ्यांविषयी. अशा गोळीत मुख्यतः खाण्याचा सोडा, लिंबूसत्त्व आणि प्राणवायू सोडणारा एखादा क्षार असतो. शिवाय थोडा साबणासारखा घटक, रंग आणि पुदिन्याचा वास. पाण्यात पडताच सोडा आणि लिंबूसत्त्व यांची प्रक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात, आणि ते बुडबुडे गार्डच्या खाचाखोचांत शिरून चिकटलेले सैल करतात. खरे जंतुनाशक काम मात्र बुडबुड्यांचे नसून प्राणवायू सोडणाऱ्या क्षाराचे असते. वास जातो, पिवळेपणा कमी होतो तो त्यामुळे. म्हणून फसफस थांबली की लगेच गार्ड बाहेर काढू नये, वेष्टनावर दिलेला वेळ पूर्ण होऊ द्यावा.

पहिल्या दिवशीचा परिणाम मला चांगला आठवतो. काचेच्या पेल्यात गार्ड बुडेल एवढे कोमट पाणी घेतले आणि गोळी टाकली. फिकट निळे झालेले पाणी काही मिनिटांनी निवळू लागले, तेव्हा पेल्याच्या तळाशी पांढुरके, कोंड्यासारखे कण बसलेले दिसले. गार्ड बाहेर काढून अंगठ्याने आतला भाग चोळून पाहिला. रोज साबणाने धुऊनही दाढांच्या खळग्यांत जो बुळबुळीतपणा राहत होता, तो नव्हता. वास तर पूर्णपणे गेला होता. हळदीचा पिवळा डाग मात्र फिका झाला, नाहीसा झाला नाही. तो डाग माशाच्या जेवणानंतर दात नीट न घासता गार्ड घातल्याचा होता, आणि मऊ थरात एकदा मुरलेली हळद कशानेच पूर्ण निघत नाही.

आता तक्रारीकडे येते. मी आधी घेतलेल्या गोळ्या प्लास्टिकच्या उभ्या डबीत, एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या. जूनभर त्या ठीक चालल्या. आषाढात सलग आठ-दहा दिवस झड लागली आणि पुढच्या वेळी डबी उघडली तेव्हा वरच्या तीन गोळ्या फुगून एकमेकींना चिकटल्या होत्या. चौथी सुटी निघाली, पण पाण्यात टाकल्यावर नुसती विरघळत तळाशी बसली. एक धड बुडबुडा आला नाही. कारण उघड आहे. सोडा आणि लिंबूसत्त्व यांना एकमेकांवर काम करायला फक्त ओल लागते, आणि रत्नागिरी जिल्ह्यात जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो तिथे ती ओल हवेतूनच मिळते. पेल्यात व्हायची ती प्रक्रिया डबीतच उरकलेली होती. झाकणात ओल शोषणारी पुडी होती खरी, पण ज्या हवेत मिठाच्या बरणीला पाणी सुटते, तिथे सारख्या उघडणाऱ्या डबीत एवढीशी पुडी किती दिवस पुरणार? निम्म्याहून अधिक डबी टाकून द्यावी लागली. ज्या दुकानातून घेतली तिथे विचारले, तर “कोरड्या जागी ठेवा असे लिहिले आहे” एवढेच उत्तर मिळाले. लिहिले आहे हे खरे, पण आषाढातल्या कोकणात कोरडी जागा कुठली दाखवायची हेही कोणीतरी सांगायला हवे.

दुसऱ्या वेळी मी मुद्दाम प्रत्येक गोळी वेगळ्या चंदेरी कागदात बंद असलेले पाकीट घेतले. ते थोडे महाग पडले, पण सप्टेंबरच्या शेवटी उरलेली गोळीही पहिल्या गोळीइतक्याच जोमाने फसफसली. किनाऱ्यावर राहणाऱ्याने डबीतल्या गोळ्या किंवा भुकटी पावसाळ्यात घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. मार्गशीर्षातल्या कोरड्या हवेत घेतल्यास हरकत नाही.

गोळ्यांची एक मर्यादा कोणी सांगितली नव्हती. ऑगस्टमध्ये जिभेला गार्डच्या बाहेरच्या कडेला, दोन्ही बाजूंच्या मागच्या दाढांपाशी खरखर जाणवू लागली. उजेडात धरून पाहिले तर तिथे चुन्यासारखा पांढरा थर होता. शेजारच्या काकूंनी विहिरीच्या पाण्याला दोष दिला. मलाही क्षणभर ते पटले, पण थर पाण्याचा असता तर तो सगळीकडे सारखा दिसायला हवा होता. हा थर नेमका त्याच दोन जागी होता, आणि गालाच्या आतल्या बाजूने मोठ्या लाळग्रंथीची नळी वरच्या दुसऱ्या दाढेसमोरच उघडते. म्हणजे हे दातांवर चढते तेच कीटण, लाळेतल्या कॅल्शियमच्या क्षारांचे. गोळीने ते हलले नाही. ते सैल करण्यासाठी पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात गार्ड अर्धा तास ठेवला, मग मऊ ब्रशने घासला आणि वाहत्या पाण्याखाली भरपूर खंगाळला. बराचसा थर गेला. राहिलेला चिपळूणच्या डॉक्टरांनी पुढच्या भेटीत काढून दिला. नखाने किंवा सुईने खरवडण्याचा मोह होतो, तो टाळावा, कारण जिथे ओरखडा पडतो तिथेच पुढचे कीटण आणि जंतू जास्त घट्ट धरतात.

याच कारणाने दात घासायची पेस्ट गार्डला लावायची नसते. पेस्टमध्ये दात घासण्यासाठी बारीक, खरखरीत कण घातलेले असतात. दाताचे कठीण आवरण ते सोसते, प्लास्टिक सोसत नाही. आमच्या घरी कितीतरी दिवस पेस्टच वापरली जात होती, आणि पहिला गार्ड वर्षभरातच धुरकट का झाला हे मला डॉक्टरांनी सांगितल्यावर कळले. आता सकाळी गार्ड काढल्याबरोबर, लाळ वाळण्याआधी, गार पाण्याखाली धरायचा आणि भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब लावून वेगळ्या ठेवलेल्या मऊ ब्रशने आतून-बाहेरून घासायचा, असा नेम ठेवला आहे. गोळी आठवड्यातून दोनदाच. गोळी टाकली म्हणजे ब्रश फिरवायला नको, असे वेष्टनावरच्या चित्रांवरून वाटते खरे. पण दोन आठवडे मी तसे करून पाहिले आणि तिसऱ्या दिवसापासूनच आतल्या बाजूला पुट चढू लागले. दारूचा अंश असलेले माउथवॉश आणि कपड्यांचे ब्लीचही मी जवळ येऊ देत नाही. पहिल्याने प्लास्टिक कालांतराने ठिसूळ होते, आणि दुसरे तर तोंडात जाणाऱ्या वस्तूला लावायचेच नसते.

खरा प्रश्न धुण्याचा नाही, वाळवण्याचा आहे. गार्डबरोबर मिळालेली निळी डबी घट्ट बंद होणारी होती. जुलैच्या एका रात्री ती उघडली तर कोंदट वास आला, आणि झाकणाच्या बिजागरीपाशी मोहरीएवढे करडे ठिपके दिसले. चामड्याच्या चपलेवर, पुस्तकांच्या कडांवर, देवघरातल्या चौरंगावर पावसाळ्यात जी बुरशी येते, तीच. इतके दिवस मी गोळीने स्वच्छ केलेला ओला गार्ड रोज त्या डबीत कोंडत होते आणि तोच रात्री तोंडात घालत होते, हे लक्षात आल्यावर मला फार वाईट वाटले. ती डबी टाकली आणि तळाला व झाकणाला भोके असलेली घेतली. आता गार्ड धुतल्यावर स्वच्छ सुती फडक्याने हलके टिपते, अर्धा तास पंख्याखाली उघडा ठेवते आणि त्यावर चहाची मोठी स्टीलची गाळणी उपडी घालते, म्हणजे वारा लागतो आणि माशी किंवा पाल पोहोचत नाही. उन्हात ठेवायचा नाही, चुलीशेजारच्या उबेतही नाही. डबीसुद्धा आठवड्यातून एकदा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करते. पूर्ण कडक ॲक्रिलिकचे काही गार्ड मात्र पाण्यातच ठेवायला सांगतात, तेव्हा ज्यांनी गार्ड करून दिला त्यांचेच ऐकावे.

गोळ्यांबाबत एक इशारा गांभीर्याने घ्यावा असा आहे. अनेक गोळ्यांत परसल्फेट नावाचा क्षार असतो आणि काही जणांना त्याची ॲलर्जी होते. हिरड्या हुळहुळणे, पुरळ, खाज, क्वचित श्वासाला त्रास. २००८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याबद्दल उत्पादकांना वेष्टनावरील सूचना बदलायला सांगितले होते. म्हणून विकत घेण्यापूर्वी घटकांची यादी वाचावी, गोळीच्या पाण्यातून काढलेला गार्ड वाहत्या पाण्याखाली नीट धुतल्याशिवाय तोंडात घालू नये, आणि ते पाणी चूळ भरायला तर कधीच वापरू नये. घरात लहान मुले असतील तर गोळ्या वरच्या फळीवर ठेवाव्यात, कारण त्या दिसायला गोड गोळ्यांसारख्याच असतात.

आठवड्याला दोन या हिशेबाने तीस गोळ्यांचे पाकीट जवळजवळ चार महिने पुरते, म्हणजे एक पावसाळा. यंदाच्या आगोटीला मी सुट्या वेष्टनाचे एकच पाकीट घेणार आहे, आणि त्याच्याबरोबर भोकांची आणखी एक डबी, म्हणजे एक वाळत असताना दुसरी वापरता येईल.