लाइट मीटर कुठला घ्यावा: तीन मीटर वापरून झाल्यावरचं माझं मत

जुना फिल्म कॅमेरा हातात आला तेव्हा त्यातला मीटर, म्हणजे फोटोसाठी उजेड किती ते मोजणारा भाग, बंदच होता, म्हणून सुरुवातीचे रोल मी फोनमधल्या अ‍ॅपवर काढले. निगेटिव्ह ठीक आल्या, स्लाइड (थेट पॉझिटिव्ह चित्र देणारी फिल्म) मात्र दोन रोल वाया गेल्या, कारण स्लाइडला एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, जरी जास्त पडला तरी उजळ भाग धुऊन जातो आणि मग काही करता येत नाही. तेव्हा ठरवलं की मीटर घ्यायचाच.

पहिला घेतला तो जुना सेलेनियमचा. बॅटरी लागत नाही, उजेड पडला की सेल स्वतःच करंट तयार करतो आणि काटा हलतो, हे मला फार आवडलं होतं. विकणाऱ्याने एकदम चालू म्हणून दिला आणि काटा हलत होता म्हणून मीही विश्वास ठेवला. उन्हात तो बरोबर दाखवायचा पण खोलीत चांगला दीड स्टॉप कमी. सेलेनियम जुनं झालं, ओल लागली की असं होतं. त्यामुळे जुना मीटर घेणार असाल तर कडक ऊन आणि खोलीतला मंद उजेड दोन्हीकडे डिजिटल कॅमेऱ्याशी ताडून बघा. कॅमेरा नसेल तर निदान स्वच्छ उन्हात १०० आयएसओ (फिल्मची संवेदनशीलता) आणि १/१२५ सेकंदाच्या शटरला एफ १६ (लेन्सच्या छिद्राचा, म्हणजे अ‍ॅपर्चरचा आकडा) च्या आसपास येतंय का ते तरी बघाच.

दुसरा सीडीएस (कॅडमियम सल्फाइड) सेलवाला, मैत्रिणीचा, काही महिने वापरला. हे मीटर मंद उजेडात सेलेनियमपेक्षा बरेच चांगले, पण त्या काळातले बरेचसे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचे, गॉसेनच्या लूनाप्रोला तसे दोन लागतात, आणि ते सेल आता बनत नाहीत. १.५ व्होल्टचा साधा अल्कलाइन घातला की रीडिंग चुकू शकतं. शिवाय सीडीएसला आधी पाहिलेला उजेड थोडा वेळ लक्षात राहतो, म्हणजे उन्हातून आत आलात की जरा थांबून मोजावं लागतं.

शेवटी नवा सेकॉनिक एल-३०८एक्स घेतला आणि आता वर्षभर तोच वापरतेय. सिलिकॉनचा सेन्सर, एक पेन्सिल सेल, खिशात मावतो, फ्लॅशही मोजतो आणि डिस्प्लेला लाइट आहे, संध्याकाळी ते फार कामाला येतं.

पण माझ्या मते खरा फरक मीटरच्या सेन्सरवर बसणाऱ्या त्या पांढऱ्या घुमटाचा आहे. कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवरून परत आलेला उजेड मोजतो आणि समोर जे काही असेल ते मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो, म्हणून पांढरा ड्रेस घातलेली मुलगी काढली की ड्रेस मळकट येतो आणि काळा स्वेटर काढला की तो राखाडी होतो. घुमट लावून मोजलं की वस्तूवर पडणारा उजेडच मोजला जातो, मग कपडे पांढरे असोत की काळे, आकडा तोच. वस्तूच्या जागी उभं राहायचं, घुमट कॅमेऱ्याकडे करायचा आणि स्वतःची सावली त्यावर पडू द्यायची नाही, बस. सावली पडण्याची चूक मी खूपदा केलीय आणि मग फोटो उगाच एक स्टॉप जास्त उजळ आलेत. पोर्ट्रेटमध्ये मला इतका नेमका रंग याआधी कधीच मिळाला नव्हता.

डोंगर काढायचा असेल तर तिथे जाऊन मोजता येत नाही, पण डोंगरावर जे ऊन तेच तुमच्यावर असेल तर हातात धरून मोजलेलं चालतं. तुम्ही ढगाच्या सावलीत आणि डोंगर उन्हात असेल तर मात्र नाही. तिथे १ अंशाचा, म्हणजे अगदी छोटा भाग मोजणारा, स्पॉट मीटर हवा, जो सेकॉनिकच्याच एल-८५८डी मध्ये आहे. एल-३०८एक्सचा घुमट बाजूला सरकवून परत येणारा उजेड मोजता येतो पण त्याचा कोन ४० अंश, म्हणजे दूरच्या छोट्या भागासाठी उपयोगाचा नाही. ज्यांना सावलीतला तपशील मोजून तिथून दोन स्टॉप कमी करायची सवय आहे त्यांनी थेट स्पॉटवालाच बघावा.

खटकलेल्या गोष्टी दोन. घुमट फिरत नाही, त्यामुळे खाली वाकून मोजताना डिस्प्ले दिसत नाही. आणि शटर स्पीड आपण ठरवायचा, तो अ‍ॅपर्चर सांगतो, उलटं हवं असेल तर बटण दाबत दाबत आपल्या एफ नंबरपर्यंत यावं लागतं. सवय झाली, पण पहिले काही दिवस वैताग येतो.

एक सांगायचं राहिलं, फिल्टर किंवा एक्स्टेन्शन ट्यूब (जवळून फोटो काढायला लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये लावायची नळी) लावली असेल तर हातातल्या मीटरला ते कळत नाही. वस्तू फिल्मवर तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटत असेल तर दोन स्टॉप वाढवावे लागतात, ते मी आता मीटरच्या मागे चिकटपट्टीवर लिहूनच ठेवलंय.