राजाराम बंधारा किती फूट? पाणीपातळीच्या रोजच्या पत्रकाला माझे पाचपैकी चार तारे

कोल्हापुरात शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या अलीकडे माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान. शाळांचा सीझन आणि पंचगंगेच्या पुराचा सीझन आमच्याकडे एकच. जुलैत वह्यांचे गठ्ठे आणि ए-फोरच्या रिमांचे बॉक्स जमिनीपासून माळ्यापर्यंत लावलेले असतात. कागदाचं असं आहे की तळाचा बॉक्स चार बोटं भिजला तरी पाणी शोषत वर चढतं. वरून रिम कोरडीठाक दिसते, आतून फुगून पॅकिंग उसवलेलं. असला माल रद्दीवालासुद्धा घेत नाही.

त्यामुळे पावसाळ्यात जिल्हा प्रशासनाकडून निघणारं पाणीपातळीचं पत्रक मी सकाळी चहाच्या आधी वाचतो. दर वर्षी वापरतोय, म्हटलं एकदा रीतसर लिहावं.

पत्रकात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी फूट आणि इंचात असते. इशारा 39 फूट, धोका 43. हे आकडे कोल्हापुरात पोराबाळांनाही पाठ. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 ला 56 च्याही वर. पण नुसत्या फुटांवर विसंबणाऱ्यांना माझं सांगणं आहे, पत्रक खालपर्यंत वाचा. राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडलेत ते बघा. एकूण सात आहेत आणि एका दरवाजातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी सुटतं. ते कुणाच्या आदेशाची वाट बघत नाहीत, तलाव भरला की आपोआप उघडतात. मग पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची यादी: शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. आणि शेवटी कोयना-अलमट्टी धरणांचा साठा. बाहेरच्या माणसाला वाटेल, कोल्हापूरच्या दुकानदाराला कोयनेशी काय करायचंय? तर पंचगंगा कृष्णेला मिळते त्या नृसिंहवाडीला कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेला पुढं जायला वाटच मिळत नाही. पाऊस उघडतो, ऊन पडतं, आणि पाणी मात्र उतरायचं नाव घेत नाही.

माझा हिशेब साधा आहे. 39 झालं की खालचे बॉक्स माळ्यावर. 43 झालं आणि राधानगरीचे दरवाजे उघडेच असले की झेरॉक्स मशीन टेम्पोत घालून मेहुण्याकडे राजारामपुरीत. 2024 च्या जुलैत पातळी 47 वर गेली तेव्हा शेजारचे भाऊ हसले होते, ‘एवढ्यात काय पळताय?’ पळालेलं बरं. मशीनचा बोर्ड भिजला तर मेकॅनिक नुसता उघडून बघायचेच पैसे घेतो.

आता पैशाचं. 2021 च्या पुरानंतर सरकारनं दुकानदारांना 50 हजार आणि टपरीवाल्यांना 10 हजारांपर्यंत मदत जाहीर केली. नाही म्हणत नाही, आधार होतो, पण पंचनामे, फोटो, बँक पासबुकाच्या झेरॉक्स (त्या माझ्याच दुकानात काढतात म्हणा!) हे सगळं माल गेल्यावर. पत्रक माल जायच्या आधी येतं आणि फुकट येतं.

जागतिक बँकेच्या मदतीनं सुमारे 3200 कोटींचा पूरनियंत्रणाचा कार्यक्रम आलाय, त्यात कृष्णा खोऱ्यातलं पुराचं पाणी दुष्काळी भागाकडे वळवायचंही आहे. होऊ दे. पण त्या निमित्तानं ‘शहराला भिंत बांधा’ म्हणणारे आमच्या कट्ट्यावर आहेत, त्यांच्याशी माझं जमत नाही. इथं अडवलेलं पाणी चिखली, आंबेवाडी, शिरोलीतल्या कुणाच्या तरी दारात जाणार. शिरोलीजवळ हायवेच्या भरावानं पाणी तुंबतं अशी तिकडच्या लोकांची ओरड आहेच, आणि 2019 ला तो हायवेसुद्धा कित्येक दिवस बंद होता. मला विचाराल तर त्या कोटींतला पहिला वाटा पर्जन्यमापकांवर आणि पातळी मोजणाऱ्या यंत्रांवर जावा.

केंद्रीय जल आयोगाचं फ्लडवॉच इंडिया ॲपही मोबाईलमध्ये आहे. हिरवा, पिवळा, केशरी, लाल असे रंग, सात दिवसांपर्यंतचा अंदाज. देशभरातल्या नद्या बघायला चांगलं. पण सगळं मीटरमध्ये, समुद्रसपाटीपासून. आमच्या आईला ‘542 मीटर’ सांगून बघा. ती विचारते, ‘म्हणजे राजाराम किती फूट?’

एक तारा का कापला? पत्रक आजची पातळी सांगतं, उद्याची नाही. रात्री पाणी चढत असतं तेव्हा माणूस ग्रुपवरच्या फॉरवर्डवर अवलंबून, आणि त्यातले निम्मे गेल्या पुरातले. शिवाय राजारामला इतके फूट म्हणजे व्हीनस कॉर्नरला किती, सुतारवाड्यात किती, दुधाळीत किती, याचा एक तक्ता खाली छापला तर नवीन भाडेकरूलाही कळेल की बॉक्स कधी उचलायचे. गल्लीतल्या जुन्या लोकांना हे तोंडपाठ आहे. प्रशासनानं त्यांना एक दिवस चहाला बोलवावं, तक्ता तिथंच तयार होईल.